कोकणात गाडीनं नक्की जा, पण रात्रभर चालवत नको



दिवाळी आटोपली की मनीषनगरातल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दर आठवड्याला येतो. "डॉक्टर, आम्ही शाळेचे पाच मित्र गाडीनं कोकणात चाललोय. अलिबाग, दापोली, गुहागर, जमलं तर आंबा घाट चढून कोल्हापूर. बीपीच्या गोळ्यांचं कसं करू? मासे खाल्ले तर चालेल ना?" विचारणारा साधारण पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधला असतो. मासे खा, गोळ्या चुकवू नका, हे मी सांगतो. मग मी विचारतो, निघणार कधी? उत्तर जवळजवळ ठरलेलं: "शुक्रवारी ऑफिस झालं की. रात्रभर चालवली की सकाळी समुद्रावर. एक दिवस वाचतो ना!"

आजचा लेख या वाचवलेल्या दिवसाबद्दल आहे. माझं मत सरळ सांगतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल या सगळ्यांपेक्षा या सहलीत तुमच्या जिवाला जास्त धोका त्या एका रात्रीचा आहे, आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

जरा हिशेब करू. शुक्रवारी तुम्ही सकाळी सहाला उठलात. दिवसभर काम केलं, बॅगा भरल्या, रात्री नऊला निघालात. अकरा वाजता तुम्ही समृद्धी महामार्गावर वाशीम जिल्ह्यात कुठेतरी असाल आणि तुम्हाला जागं होऊन सतरा तास झालेले असतील. सतरा तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना किती चुका करतो, हे संशोधकांनी मोजलं आहे. रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या. चोवीस तासांच्या जागरणानंतर ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानं घातलेली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ, थेंबभरही न पिता तुम्ही रात्री अकरालाच कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या माणसासारखे चालवताय. आणि सकाळी सहाला, पेणच्या आसपास पोहोचाल तेव्हा, त्या मर्यादेच्या तिप्पट. फरक इतकाच की पोलिसांच्या हातातलं फुंकायचं यंत्र झोप पकडत नाही.

आता रस्त्याबद्दल. समृद्धी महामार्ग आपल्या नागपूरकरांसाठी मोठी सोय झाली, यात वाद नाही. शिवमडक्याच्या झिरो पॉइंटपासून शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. पूर्वी कोकणात गाडीनं जायचं म्हणजे दोन मुक्काम धरूनच लोक निघत. आता मोबाइलवर नकाशा उघडला की तो सांगतो, एका रात्रीत होतं. नकाशा गाडीचे तास मोजतो. चालवणाऱ्याचे मोजत नाही.

आणि हा रस्ता सरळ आहे. वळण नाही, सिग्नल नाही, मध्ये गाव नाही, बैल नाही, स्पीडब्रेकर नाही. पूर्वी कसारा घाटाच्या वळणांवर झोप उडायची, तिथंही आता सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मेंदूला काही कामच उरलं नाही की तो हळूहळू विझू लागतो. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, पण मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. याला हायवे हिप्नोसिस म्हणतात. दमलेल्या माणसात त्याच्या पुढची पायरी म्हणजे मायक्रोस्लीप, दोन-चार सेकंदांची डुलकी. ती आली होती हे बऱ्याचदा त्या माणसाला कळतही नाही. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चार सेकंदांत १३० मीटरहून जास्त. एवढं अंतर गाडी कोणीच चालवत नसतं.

शिवाय आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात ते मेंदूला झोपेकडे ओढतं, तुम्ही दुपारी कितीही झोपून निघालात तरी. शरीराचं तापमान उतरतं, लक्ष उतरतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ, दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमधले १२ जण गेले, तेही मध्यरात्रीनंतर. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात, त्यांचा निवाडा करणं माझं काम नाही. पण रात्रीच्या त्या वेळेला काही चुकलं तर सावरायला लागणारी जाग माणसाकडे कमी असते, एवढं डॉक्टर म्हणून सांगू शकतो.

"आम्ही गाणी लावतो, काच खाली करतो." करा. त्यानं फार तर काही मिनिटं बरं वाटतं. तोंडावर पाणी मारल्यानंही तेवढंच. खर्रा तोंडात धरला की झोप येत नाही, असं सांगणारेही भेटतात. तंबाखू झोपेची भरपाई करत नाही, आणि त्या खर्ऱ्याबद्दल मी एरवी काय बोलतो ते माझ्या पेशंटना माहीत आहे. झोपेवर उपाय एकच, झोप. अगदीच अडलात तर एक गोष्ट थोडी कामाला येते. सुरक्षित जागी, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा विश्रांतीच्या थांब्यावर (महामार्गाच्या कडेला कधीच नाही) गाडी लावा. एक कप कडक कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्याबरोबर स्टिअरिंग हाती घेऊ नका, दहा मिनिटं चाला. पण हे पुढच्या मुक्कामाच्या गावापर्यंत पोहोचण्यापुरतं आहे. उरलेली रात्र काढण्यासाठी नाही.

खरी अडचण मित्रांची आहे, असं मला वाटतं. घरच्यांसोबत निघालेला माणूस वेगळा असतो. बायको बाजूला बसून "थांबा जरा, चहा घेऊ" म्हणते, लेकरांना भूक लागते, आईला पाय मोकळे करायचे असतात, दर दोन तासांनी गाडी आपोआप थांबते. मित्रांच्या गाडीत कोणी थांबा म्हणत नाही. पहिले दोन तास धमाल, मग बाराच्या सुमारास मागचे तिघं घोरू लागतात, थोड्या वेळानं बाजूचाही मान टाकतो. गाडीत पाच जण असून जागा एकटाच. आणि त्या एकट्याला "झोप येऊन राहिली बे" असं म्हणणं कमीपणाचं वाटतं, कारण कॉलेजात असताना हाच गडी एका दमात पचमढी गाठायचा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

पगारी ड्रायव्हरसाठी आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ज्याचा धंदाच गाडी चालवण्याचा, त्याच्यासाठी हा नियम. आणि आपण, वर्षभर वर्धा रोडवरच्या गर्दीत गाडी चालवणारे लोक, रात्रभर सलग चालवायला निघतो आणि त्याला हौस म्हणतो.

म्हणून माझं सांगणं असतं की निघण्याआधी ग्रुपवर हॉटेलसोबत हेही ठरवा: बाजूच्या सीटवरचा माणूस झोपणार नाही, झोप आली तर त्यानं मागे जावं आणि जाग असलेल्यानं पुढे यावं. दर दोन तासांनी गाडी थांबेल, कोणाला गरज असो वा नसो. यात पायांतल्या रक्ताभिसरणाचंही भलं होतं, विशेषतः ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स आहेत किंवा पूर्वी पायात गुठळी झाली आहे त्यांचं. आणि कोणीही एकानं "थांबव" म्हटलं तर कारण न विचारता थांबायचं.

आता थोडं तब्येतीबद्दल, कारण चालक कोण हा प्रश्न गाडी कोणाची यावरून ठरतो आणि तो तसा ठरू नये.

तुमच्यात जो जोरजोरात घोरतो, घोरता घोरता मध्येच ज्याचा श्वास अडकतो, आणि दिवसा टीव्हीसमोर बसल्या बसल्या ज्याचा डोळा लागतो, त्याला स्लीप ॲप्निया असू शकतो. रात्री आठ तास झोपूनही त्याची झोप पूर्ण होत नाही. उपचार न घेतलेल्या अशा लोकांत गाडीच्या अपघाताचा धोका दोन ते तीन पट असतो. हॉटेलात कोण घोरतं हे मित्रांना पक्कं माहीत असतं, त्यावर विनोदही होतात. विनोद करा, पण किल्ली त्याच्या हातात देऊ नका.

मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यानं चालवायचंच असेल तर जेवणाची वेळ पाळावी लागेल. साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, डोकं जड होतं, आणि शेजारच्याला वाटतं की याला झोप आली. अशा वेळी गाडी थांबवून तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, ग्लुकोमीटर असेल तर तपासा. साखर वर आल्यावरही पाऊण तास तरी त्यानं चालवू नये.

आणि गोळ्या. आंबा घाट, परशुराम घाट लागला की काहींना मळमळतं, म्हणून बॅगेत ॲव्होमिन असते. ती मागे बसणाऱ्यानं घ्यावी. चालवणाऱ्यानं मुळीच नाही, तिनं गुंगी येते. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांचंही तेच. चालवणाऱ्याला स्वतः चालवताना सहसा मळमळत नाही, ही त्यातली बरी बाजू.

रात्रभर जागून कोकणात पोहोचलेल्यांची आणखी एक सवय असते. गाडी लावली की थेट पाण्यात. आपण अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठावर वाढलेली माणसं, समुद्राची ओढ आपल्याला वरून दिसत नाही. ओहोटीला पाणी शांत वाटतं आणि पायाखालची वाळू सरकते. दमलेल्या शरीरात पोहण्याचं बळ आणि धोका ओळखण्याची अक्कल दोन्ही कमी झालेली असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले कितीतरी विद्यार्थी बुडाले, ते तर तरुण होते. आधी झोपा, जेवा, मग स्थानिक माणसाला विचारून पाण्यात जा.

परतीबद्दल मला जास्त काळजी वाटते. जाताना निदान उत्साह तरी असतो. तीन रात्री गप्पांत गेलेल्या, रोज चार-पाच तास झोप, त्यात कोणी घेतलेली. दारू प्यायल्यावर झोप लवकर लागते पण मोडत मोडत होते, आणि रात्री दोनपर्यंत घेतलेली सकाळी सातला रक्तात शिल्लक असू शकते. अशा अवस्थेत रविवारी दुपारी घाट चढायचा आणि सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं, हा बेत मला कोणत्याही आजारापेक्षा भीतीदायक वाटतो. सोमवारची रजा टाका. साहेब रागावतील, एवढंच.

काही जण वाद घालतात की रात्री ट्रॅफिक कमी असतं आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसा टायर तापतात. टायरचा मुद्दा एप्रिल-मे मध्ये खरा आहे. मग पहाटे पाचला निघा ना. रात्री दहाला झोपून, तर्री पोहे वाटेत खाऊन, दुपारचं ऊन तापायच्या आत तुम्ही छत्रपती संभाजीनगरला पोहोचता. दोन ते चार ही दुपारची वेळही डुलकीचीच असते, ती तिथं आडवं होऊन काढा. मुक्काम तिथं करा किंवा संध्याकाळी नाशिक गाठा. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी कोकणात उतरा, घाटाची वळणं उजेडात बघायला मिळतील. रत्नागिरीकडे जाणाऱ्यांनी वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर या वाटेनं तुळजापूर किंवा सोलापूरला मुक्काम करावा, ते अंतरही नऊशेच्या घरात आहे. खर्च वाढतो तो एका रात्रीच्या दोन खोल्यांचा, पाच जणांत वाटून.

घोरणाऱ्या मित्राला मात्र सहलीआधी एकदा तपासून घ्या. झोपेची तपासणी आता घरीच एका रात्रीत होते, दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. ज्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकाल, त्याच आठवड्यात त्याला कोणत्याही डॉक्टरकडे घेऊन जा. एकटा पाठवला तर तो जाणार नाही.