टूंऽऽ वाजलं... पुढे काय?

मॉल, मल्टिप्लेक्स, मेट्रो, ऑफिस... दिवसातून किमान दोन-तीनदा तरी आपण त्या चौकटीतून जातो. ती टूंऽऽ करते आणि आपण कानातले इअरफोनही न काढता पुढे! पण बॉस, ही मेटल डिटेक्टर नावाची चीज आतून असते तरी कशी?

आधी सिक्युरिटीवाल्या काकांच्या हातातला दांडा घ्या. त्यात मुख्य पार्ट चारच. पहिला, बॅटरी. दुसरा, तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. खरा हीरो हाच! त्यातून सतत दिशा बदलणारी वीज फिरते आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्यातही विजेचे चिमुकले भोवरे उठतात आणि या क्षेत्रात लुडबुड करतात. ती लुडबुड पकडतं तिसरा पार्ट असलेलं सर्किट. आणि बोंब मारतो चौथा, बझर.

चौकटीचंही तेच, फक्त साइज एक्स्ट्रा लार्ज. दोन्ही बाजूंच्या पॅनलमध्ये कॉइल्स असतात. मॉडेल चांगलं असेल तर धातू कमरेशी आहे की बुटात, हेही बाजूचे दिवे सांगतात.

डिटेक्टर फक्त लोखंड पकडतो, हा गैरसमज. सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सगळ्यांनाच तो ओळखतो. काच आणि प्लास्टिक मात्र त्याच्या गावीच नसतं. शिवाय धातू म्हणजे किल्ली की सुरा, हे त्याला कुठे कळतं? ते ठरवतो पाचवा पार्ट... माणूस!

हा पाचवा पार्ट किती महत्त्वाचा, ते १८८१ सालीच दिसलं होतं. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतःचं यंत्र घेऊन आले. पण गोळी उजवीकडेच आहे, असं डॉक्टर ब्लिस यांचं ठाम मत. त्यांनी तिथेच शोधायला लावलं. त्यात पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगा! १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे.

थोडक्यात काय, यंत्र कितीही हुशार असलं तरी वापरणाऱ्याने डोळे मिटले की संपलंच. २६ नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या मुंबईला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी टूंऽऽ वाजलं की दोन सेकंद थांबा. किल्ल्या, मोबाइल ट्रेमध्ये ठेवा. सोबत पेसमेकर बसवलेलं कुणी असेल तर तपासणीआधीच सांगा, म्हणजे दांडा छातीवर रेंगाळणार नाही. आणि काकांनी परत बोलावलं तर कपाळावर आठ्या नकोत. यंत्राने आपलं काम केलंय, त्यांना त्यांचं करू द्या. लिफ्ट काय, दोन मिनिटांनी पुन्हा येतेच की!