डाळिंबाचा रस आणि दाव्यांचा रंग

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत डाळिंबाने शेतकऱ्याला हात दिला. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंबा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. ही प्रतिष्ठा कष्टाची आहे. परंतु या फळाच्या रसाला आणि त्याच्या जोडीला परदेशी बेरींच्या रसांना जाहिरातदारांनी अलीकडे जी ‘सुपरफूड’ ही पदवी बहाल केली आहे, ती कोणत्या कसोटीवर दिली, हे विचारण्याची वेळ आली आहे. आहारशास्त्रात अशी कोणतीही मान्य संज्ञा नाही. ती बाजारपेठेने घडविली आणि बाजारपेठच ती वाटत सुटली आहे.

या प्रश्नाची सर्वांत कसून तपासणी झाली ती अमेरिकेत. ‘पॉम वंडरफुल’ ही तेथील डाळिंबरसाची बडी कंपनी. हृदयविकार आणि पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग यांवर आपला रस गुणकारी असल्याचे ती सूचित करीत असे. बाटलीच्या गळ्यात तुटका फास आणि शेजारी मृत्यूला चकवा देण्याची भाषा, असे तिच्या एका जाहिरातीचे स्वरूप होते. संशोधनावर कोट्यवधी डॉलर खर्च केल्याचा दाखलाही ती देई. तेथील व्यापार आयोगाने २०१० मध्ये तक्रार दाखल केली आणि २०१३ मध्ये अनेक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

आयोगाचा आक्षेप डाळिंबावर नव्हता, पुराव्यावर होता. प्रोस्टेटच्या कर्करोगासंबंधी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गाजलेल्या अभ्यासात पन्नासाहूनही कमी रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. रस न घेताही त्या रुग्णांची प्रकृती तशीच राहिली असती काय, याचे उत्तर अशा अभ्यासातून मिळू शकत नाही. पुढे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून, एकाला डाळिंबाचे पेय आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे निर्गुण पेय देऊन चाचणी झाली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. पैसा कितीही ओतला तरी सदोष मोजमापातून निर्दोष निष्कर्ष निघत नाही, हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा धडा आहे.

मग डाळिंबाच्या रसात काहीच नाही काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये आठ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात वरचा रक्तदाब सरासरी पाच अंकांनी उतरल्याचे दिसले. ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण औषध सोडून बाटली हाती धरावी, एवढी ती भक्कमही नाही. या चाचण्या लहान आणि अल्पमुदतीच्या होत्या. रक्तदाबाचा आकडा काहीसा उतरणे वेगळे आणि हृदयविकाराचा झटका टळणे वेगळे. जाहिरात या दोहोंमधील अंतर एका उडीत पार करते.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचेही असेच आहे. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण रोखतो, म्हणून पोटात गेल्यावरही तो तेच करील, असे नाही. डाळिंबातील संबंधित द्रव्ये आतड्यातील जीवाणूंकडून रूपांतरित होऊनच रक्तात पोहोचतात, आणि हे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या या क्षमतेची आपली कोष्टकेच २०१२ मध्ये मागे घेतली. त्यांचा विक्रीसाठी गैरवापर होतो, हे त्यामागचे एक कारण होते. बाटलीवर मात्र तो शब्द अद्याप दिमाखाने झळकतो.

आता जे बाटलीच्या दर्शनी बाजूस ठळकपणे छापले जात नाही, त्याकडे वळावे. २०० मिलिलिटर डाळिंबरसात वरून कणभरही साखर न घालता सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. फळ चावून खाल्ले तर तंतू पोटात जातात आणि हात आपोआप आखडतो. रसात तंतू जवळजवळ उरत नाहीत आणि दोन-तीन फळांची साखर दोन घोटांत उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळरसातील साखरेची गणना मर्यादित ठेवावयाच्या साखरेतच केली. मधुमेही गृहस्थाने आरोग्याच्या आशेने रोज पेलाभर रस घ्यावा, यापरते दुर्दैव कोणते?

शिवाय बाटलीत डाळिंब किती, हा प्रश्न उरतोच. कोका-कोलाच्या एका ‘डाळिंब-ब्लूबेरी’ पेयात डाळिंबाचा रस अवघा ०.३ टक्के, ब्लूबेरीचा ०.२ टक्के आणि बाकी बहुतेक सफरचंद-द्राक्षांचा होता. गमतीचा भाग असा, की त्याविरुद्ध न्यायालयात गेली ती पॉम कंपनीच! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा चालविण्यास मुभा दिली. २०१६ मध्ये ज्यूरीने मात्र कोका-कोलाच्या बाजूने कौल दिला. तात्पर्य, लेबलाची मागची बाजू वाचण्याचे काम अखेर ग्राहकावरच येऊन पडते.

आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात व दाव्यांविषयीचे नियम २०१८ पासून आहेत. २०२४ मध्ये, अर्कात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसावरून ‘१०० टक्के फळरस’ ही अक्षरे काढण्याचा आदेशही निघाला. नियम आहेत, त्यांची अंमलबजावणी तेवढीच दक्ष हवी.

यात सोलापूरच्या बागायतदाराचे हित अडकलेले आहे. तेल्या, मर आणि खोडकिडा यांच्याशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याला प्रक्रिया उद्योग हवेत, रसाला बाजार हवा. त्याला कोणी विरोध करू नये. परंतु फुगविलेल्या दाव्यांवर उभा राहिलेला बाजार दावा फुटताच कोसळतो, आणि तेव्हा भाव पडतो तो फळाचा. संशोधन केंद्राने २०१७ मध्ये लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेले ‘सोलापूर लाल’ हे वाण दिले. मोजून दाखविलेला गुण हाच टिकाऊ गुण होय. डाळिंब हे उत्तम फळ आहे, एवढे सत्य त्याला पुरेसे आहे. ते दाणे सोलून खावे, घरात सर्वांना वाटावे आणि औषधाची चिठ्ठी मात्र डॉक्टरकडूनच घ्यावी.