शुश्रूषेची सावड

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जगभर हॉस्पिस आणि उपशामक सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. पेण-रोह्याकडे याच सुमारास भातकापणीची घाई असते. गणपती होऊन गेलेले, चाकरमानी मुंबईला परतलेले आणि पाऊस पुन्हा गाठायच्या आत पीक घरात आणायची धांदल. ज्या घरात लकव्याने अंथरुणाला खिळलेला सासरा किंवा कर्करोगाने खंगलेली आई आहे, तिथे शेतावर कोण जाणार आणि घरी कोण थांबणार, हे रोज सकाळी ठरवावे लागते. बहुतेक वेळा थांबते ती सून, नाहीतर लेक.

ही शुश्रूषा म्हणजे नुसते उशाशी बसणे नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून पेज भरवताना डोके उंच धरायचे, नाहीतर ती फुप्फुसात जाते. लघवीची पिशवी वेळच्या वेळी रिकामी करायची. रुग्णालयात हे काम पाळ्यांमध्ये वाटलेले असते. घरी सगळ्या पाळ्या एकटीच्या. त्यात परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, तर दिवा-रोहा गाडीच्या वेळा सांभाळायच्या आणि त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडायचे. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांची काळजी घेणाऱ्या 15 ते 59 वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 140 मिनिटे देतात, पुरुष 74. यात मुलांचे संगोपनही आले, पण कल कळायला एवढे पुरे.

अशा बाईचे गावात कौतुक होते. पुण्य पदरी पडेल, असे सगळे म्हणतात. त्या पुण्याने तिची कंबरदुखी थांबत नाही, मोडलेली झोप भरून निघत नाही. तिचा स्वतःचा रक्तदाब मोजायचा राहूनच जातो.

कायद्यात तिची दखल नाही, असे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना सतत आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे. पण दुपारी तीन तास तिला मोकळे करणारा माणूस सरकारी परिपत्रकातून येत नाही. तो शेजारातूनच यावा लागतो. केरळने हे ओळखले. 1993 मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. 2008 मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच केले.

कोकणाला ही रीत परकी नाही. लावणी-कापणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, ही सावड आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तीच आजारी माणसाच्या खाटेपर्यंत न्यायला हवी. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने कूस कशी बदलायची ते शेजाऱ्यांना शिकवावे, बचत गटाने पाळ्यांची यादी ठेवावी, ग्रामपंचायतीने हवेची गादी आणि चाकांची खुर्ची गावासाठी घ्यावी. तेवढ्यात ती बाई झोपेल, बाजार करेल, स्वतःची तपासणी करून येईल.

मात्र यादीत सगळी नावे बायकांचीच असतील, तर एकीचा भार दुसरीच्या खांद्यावर गेला, एवढेच होईल. म्हणून यादीतले पहिले नाव त्या घरातल्या पुरुषाचे असावे.