काळजीचे माप कोण घेणार?

ताप आला की आपण थर्मामीटर लावतो, साखरेची शंका आली की रक्त तपासतो. पण घरातली अम्मी महिनाभर रात्री जागीच असते, दार वाजले तरी दचकते, तव्यावर भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात येत नाही. तेव्हा मात्र "सब्र करा, सगळे ठीक होईल" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. मनावरचा ताण मोजता येतो का? बऱ्याच अंशी येतो. कसा, ते प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

१९८३ साली शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह १४ प्रश्नांची एक यादी तयार केली. पुढे ती १० प्रश्नांची झाली आणि आज जगभर वापरली जाते. संकट किती मोठे आहे, हे ती विचारत नाही. गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात राहिल्या नाहीत असे किती वेळा वाटले, अडचणींचा ढीग साचला असे किती वेळा वाटले, आपण निभावून नेऊ असा भरवसा किती वेळा वाटला, असे ते प्रश्न आहेत. 'कधीच नाही'ला शून्य, 'फार वेळा'ला चार. भरवशाच्या प्रश्नांचे गुण उलटे धरतात. एकूण गुण ४० पैकी. जितके जास्त, तितका ताण जास्त.

'हातात असणे' यावर एवढा भर का? ग्लास आणि सिंगर या दोन संशोधकांचा एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी लोकांना कर्कश, अवेळी होणारा गोंगाट ऐकवला. काहींजवळ तो बंद करण्याचे बटण दिले, पण शक्यतो दाबू नका असेही सांगितले. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांनी जास्त चिकाटी दाखवली आणि चुकाही कमी केल्या. गोंगाट दोघांना सारखाच होता. फरक एवढाच, की वेळ पडली तर उपाय आपल्यापाशी आहे, हे एका गटाला ठाऊक होते.

लातूरकरांना हे सांगायला प्रयोगशाळा नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात पोहोचली, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तहान सर्वांनाच होती, पण टँकर कधी येईल याचा पत्ता नसणे जास्त जाळत होते. वार आणि वेळ ठरलेली असली की बाई निदान आपली कामे तरी लावून घेते.

किल्लारीचे दुःख याहून कितीतरी मोठे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काही क्षणांत हजारो माणसे गेली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून वाचलेल्यांच्या मनावरील परिणामांचा अभ्यास झाला. त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे, ज्यांना आपण नट म्हणून ओळखतो. म्हणजे मनाची जखम मोजण्याचे काम आपल्या मराठवाड्यात तीस वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

मग २०२० आले. २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले हजारो यात्रेकरू महिनाभर इथेच अडकले. रमजान आला, पण मशिदी बंद. तरावीह घरात, ईदची नमाजही घरात. कुणाचा मुलगा आखातात, कुणाचा पुण्यात, आणि येण्याची वाट बंद.

त्या एप्रिलमध्ये भारतातील मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने इंटरनेटवरून पाहणी केली. १६८५ जणांच्या उत्तरांत सुमारे ४० टक्के लोकांमध्ये चिंता किंवा नैराश्याची लक्षणे दिसली, आणि जवळपास तीन चतुर्थांश लोकांचा ताण मध्यम प्रमाणात निघाला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इंटरनेटवरची पाहणी ज्याच्या हातात फोन, त्याच्यापर्यंतच पोहोचते. आपल्या कितीतरी घरांत तेव्हा एकच फोन होता आणि तोही मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी. रोजगार बंद, डब्यातले पीठ संपत आलेले, घरात दिवसभर सगळे हजर, आणि कुठलाच निर्णय आपल्या हातात नाही अशी बाई त्या मोजमापात कितीशी आली असेल?

दुसरी अडचण भाषेची. 'ताण' हा शब्द आपल्या बायका बोलत नाहीत. त्या म्हणतात, "दिल घबरा रा", "कुच सूझता नै", "नींद उड गई". मराठीत कुणी "जीव लागत नाही" म्हणते, कुणी "डोकं जड झालंय". भाषांतर शिकवताना मी मुलांना सांगतो, शब्द बदलला तरी अर्थ पोहोचला पाहिजे. इथेही तेच. पुस्तकी भाषेत प्रश्न विचारला तर "मला काही नाही" हेच उत्तर मिळेल.

कोहेन यांच्या यादीचे फोनवर विचारण्यासाठी केलेले चार प्रश्नांचे छोटे रूपही आहे. त्याच धर्तीवर महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जी कधीच तक्रार करत नाही तिला, आपल्या बोलीत विचारा: सगळे हातातून गेले असे वाटते का? आपली अडचण आपण सोडवू असा भरवसा वाटतो का? गोष्टी मनासारख्या होतात का? ओझे डोक्यावरून जाते असे वाटते का? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. उपदेश तर मुळीच नको.

मग एखादी तरी गोष्ट तिच्या हातात द्या. घरखर्चाचा हिशेब, दुपारचा एक तास, बातम्या कधी बंद करायच्या याचा निर्णय. महामारी आपल्याला थांबवता येत नाही, पण घरातली बटणे कुणाजवळ आहेत हे आपणच ठरवतो.

हे माप म्हणजे रोगाचे निदान नव्हे. दोन आठवडे झोप, भूक, कामातले मन गेलेले असेल, किंवा जगणे नको असे बोलणे ऐकू आले, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नको असे कुणी बोलले तर एक दिवसही थांबू नका. शासनाची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. फोन करणारा बेसब्र ठरत नाही. दुखणे वेळेवर सांगणे आणि त्यावर इलाज करणे, यालाही सब्रच लागतो.