आवाज वाढवण्यापूर्वी

नागपुरातील ज्येष्ठ वाचकांना रात्रीची टपाल विमाने आठवत असतील. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. डकोटाच्या दोन इंजिनांच्या घरघराटातही वैमानिकाला नियंत्रण कक्षाचा शब्द नीट कळणे आवश्यक असे. त्यासाठी आजचे वैमानिक जी काळजी घेतात, ती घरातील वृद्धांनाही उपयुक्त आहे.

वैमानिक प्रथम आवाज वाढवत नाही. गोंगाट बाहेर ठेवतो. हेडसेटच्या गाद्या कानांभोवती घट्ट बसल्या आहेत ना, चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली नाही ना, हे तो पाहतो. मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ आणतो. तो दूर राहिला तर बोलण्यासोबत इंजिनही पलीकडे ऐकू जाते. मग आवाजाची कळ कमीवरून हळूहळू, शब्द स्पष्ट होईपर्यंतच फिरवतो.

आपल्या घरी उन्हाळ्यात इंजिनाची जागा कूलर घेतो. मुलांचा फोन आला की आपण आवाज पूर्ण वाढवतो, कूलर मात्र चालूच असतो. त्याऐवजी कूलर व दूरदर्शन संच क्षणभर बंद करावा, फोनच्या खालच्या कडेवरील मायक्रोफोन तळव्याने झाकू नये, आणि मगच आवाज बेताने वाढवावा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात. तो ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही ओरडू नये. ओरडण्याने शब्द फाटतात, स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे.

वैमानिकांची आणखी एक शिस्त घ्यावी. मिळालेली महत्त्वाची सूचना ते स्वतःच्या तोंडून परत म्हणून दाखवतात. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर आजोबांनीही म्हणावे, “अर्धी गोळी, रात्री जेवणानंतर, बरोबर ना?” ‘अर्धी’ आणि ‘दीड’ यांतील चूक तिथल्या तिथे सापडते. न ऐकताच ‘हो’ म्हणण्यापेक्षा पुन्हा विचारणे केव्हाही श्रेयस्कर. त्यात संकोच कसला?

मात्र एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. तिथे विलंब महागात पडतो.