यंत्रापाशी वैद्यराजांचे छायाचित्र

सावेडीत स्वेदनपेटी वा शिरोधारायंत्र विकावयास येणारा लहान उत्पादक पत्रकावरील प्रथितयश वैद्यांचे छायाचित्र आधी दाखवितो. त्यास आमचा आक्षेप नाही. मोठ्या जाहिरातीस त्याजपाशी पैसा कोठला? परंतु कर्ज काढून चिकित्सालय थाटणारा नवा पदवीधर त्या चेहऱ्याकडे पाहूनच रक्कम मोजतो आणि वैद्यराजांस ते यंत्र भेट मिळाले होते, हे त्यास कोणी सांगत नाही. असे हितसंबंध उघड करणे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बंधनकारक केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल शिफारसकर्त्यासही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. योग्य खातरजमा केली असल्यास मात्र नाही. तेव्हा छायाचित्र देण्यापूर्वी वैद्यांनी पेटी महिनाभर रुग्णांसाठी वापरून पाहावी, आणि भेट स्वीकारली असल्यास उत्पादकाने ते छायाचित्राखालीच छापावे.