भंगारातही न खपणारे

ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तर ती कोणी उकिरड्यावर टाकत नाही. दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि नवीच्या किमतीतून काही रक्कम वजा करतो, कारण आतल्या शिशाला बाजारात भाव आहे. रिमोटमधला पेन्सिल सेल, मनगटी घड्याळातला बटण सेल, जळालेली ट्यूब आणि सीएफएल यांना मात्र भंगारवालाही हात लावत नाही. शहरात ते घंटागाडीत जातात, वाडीवस्तीवर ओढ्यात किंवा पाचटाबरोबर जाळात. भाव आहे ते परत येते, भाव नाही ते आपल्याच मातीत मुरते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरगुती घातक कचऱ्याचा सगळा पेच एवढाच आहे, आणि तो सोडवायला नवा शोध लागायचा नाही.

नियमही नवा नको. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले होते. तिसऱ्या भागात बॅटऱ्या, दिवे, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या असे सारे आले. त्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली गेली. अहिल्यानगर शहराचे क्षेत्रफळ सुमारे 39 चौरस किलोमीटर, म्हणजे केंद्रे लागतात अवघी दोन. एक सावेडीकडे, एक केडगावकडे, काम संपले! ही केंद्रे नेमकी कुठे, हे आज माळीवाड्यातल्या किंवा चितळे रोडवरच्या किती कुटुंबांना सांगता येईल? 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत हाच कचरा ‘विशेष काळजीचा’ म्हणून वेगळा काढायचा आहे. नाव बदलले म्हणून काळजी वाढतेच असे नाही.

एका सीएफएलमध्ये तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. एवढ्याने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण घंटागाडीत दिवा फुटला की त्या पाऱ्याची वाफ होते आणि ती पहिल्यांदा सफाई कामगाराच्या छातीत जाते. उरलेला पारा पाण्यात उतरून माशांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. जपानमधल्या मिनामातात 1956 मध्ये अशा विषबाधेचे रुग्ण उघडकीस आले, आणि पाऱ्यावरचा जागतिक करार त्याच गावाच्या नावाने झाला. भारताने तो 2018 मध्ये स्वीकारला. एलईडीत पारा नाही, पण माळ्यावर आणि जुन्या दुकानांत अजून ट्यूब आहेतच. लिथियमच्या सेलचे दुखणे वेगळे. तो चेपला गेला तर आपोआप पेट घेऊ शकतो आणि भोवतालचा सुका कचरा त्याला आयता मिळतो. ज्या बुरुडगावच्या ग्रामस्थांना कचरा डेपोपायी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले, त्यांच्या दारात शहराने आणखी हे टाकावे, याला न्याय म्हणता येणार नाही.

खेड्यात हा प्रश्न शहराहून कमी नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज, उसात बिबट्या, त्यामुळे राहुरी-संगमनेरच्या शेतकऱ्याला हातात बॅटरी घेतल्याशिवाय पाणी धरायला जाता येत नाही. संपलेले सेल बांधावरच पडतात. संगमनेर-राहात्याचे डाळिंब, पारनेरचा कांदा, शेवगाव-पाथर्डीची कपाशी, या सगळ्यांच्या फवारणीनंतर रिकाम्या बाटल्या विहिरीच्या काठी साचतात. काही घरांत त्या धुऊन पुन्हा वापरल्याही जातात. यात शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याने त्या न्यायच्या कुठे, ते सांगायला हवे.

कंपन्यांचे काय? 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला लावण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. त्याआधीच्या 2001 च्या नियमांत फक्त शिशाच्या बॅटऱ्या होत्या, म्हणून ही सुधारणा मोठीच. मात्र उत्पादक हे बंधन पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे घेऊन पाळतो, आणि ती देशात कुठल्याही मालावर मिळतात. जामखेडच्या किराणा दुकानातून विकलेला सेल जामखेडमधूनच परत यावा, अशी सक्ती कुणावर नाही. सेलमधले जस्त, मँगनीज, पोलाद, दिव्यातली काच, ॲल्युमिनियम आणि पारासुद्धा वेगळा काढता येतो. अडते ते गोळा करण्यापाशी.

आणि गोळा करण्यात या जिल्ह्याचा हात धरणारा विरळा. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखान्याने पहिला ऊस गाळला, तेव्हापासून विखुरलेल्या शेतांतला माल एका जागी आणण्याची विद्या इथे मुरली आहे. दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दारोदारचे दूध घेतात, तेही फॅट मोजून. नासणारे दूध रोज दोन वेळा जमवणाऱ्यांना महिन्यातून एकदा मेलेले सेल जमवणे जड जाऊ नये. दुधाशेजारी विष ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पण पशुखाद्य उतरवून रिकामी परतणारी गाडी आहे, कारखान्यांची गट कार्यालये आहेत, खत-औषधांची दुकाने आहेत. प्रत्येक जुन्या सेलमागे किंवा बाटलीमागे दुकानदाराने रुपया-दोन रुपये सवलत दिली आणि तो भार उत्पादकांवर टाकला, तर ज्याला भाव नव्हता त्याला भाव येईल. शिशाच्या बॅटरीचा व्यवहार याच तत्त्वावर चालतो.

महापालिकेने दोन केंद्रांचे पत्ते आणि घंटागाडीचा महिन्यातला ठरलेला दिवस जाहीर करावा. जिल्हा परिषदेने निदान तालुक्याच्या ठिकाणी एकेक पेटी ठेवावी. वाचकांनी तोवर संपलेले सेल टोकांना चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या बरणीत कोरडे ठेवावेत आणि दिवा फुटल्यास झाडू न मारता, खिडक्या उघडून, तुकडे जाड कागदावर गोळा करावेत. ज्यावर प्रक्रिया होऊ शकत नाही असा घातक माल शास्त्रीय पद्धतीने पुरणारा प्रकल्प शोधायलाही फार लांब जायला नको. तो आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर, रांजणगावला आहे.